ब्लॉक केलेला फोन परत वाय-फायवर येतोय, पासवर्ड बदलला तरी येतोय – आमच्याकडे शेवटी काय निघालं

आमच्याकडे कनेक्शन एकच आणि त्यावर दोन मजले चालतात, वर आम्ही आणि सासरे, खाली दीर-जाऊ आणि पुतण्या. कित्येक महिने एकच रडगाणं चालू होतं. दर आठ-दहा दिवसांनी रात्री नऊच्या पुढे नेट लोळायला लागायचं, मग मी राउटरचं पेज उघडून कनेक्टेड डिव्हाइसची यादी बघायची, त्यात दोन-तीन नावं अनोळखी दिसायची, ती ब्लॉक करायची, दोन दिवस बरे जायचे आणि परत तेच. मधे दोनदा पासवर्ड बदलला, तरी तेच. शेवटी एका रविवारी वही-पेन घेऊन बसले आणि एकेक धागा सोडवत गेले, आणि जे निघालं त्यातला निम्मा घोळ मीच घातलेला होता. ज्यांच्याकडे हाच प्रकार चालू आहे त्यांच्यासाठी सगळं लिहितेय, लांबण लागेल पण इलाज नाही.

पहिली गोष्ट म्हणजे नेट स्लो झालं की लगेच चोर शोधायला निघू नका. मी तेच केलं आणि वेळ घालवला. आधी राउटरचं वाय-फाय पाच मिनिटं पूर्ण बंद करा, काही राउटरला मागे त्याचं बटण असतं, नसेल तर सेटिंगमधून करा, आणि एक लॅपटॉप केबलने राउटरला जोडून स्पीड बघा. बाकी केबली काढून एकटा लॅपटॉप असूनही नेट रांगत असेल तर प्रॉब्लेम बहुधा लाइनचा आहे, कंपनीला फोन लावा (आमच्याकडे निघालेला एक अपवाद पुढे येईल). केबलवर झकास आणि वाय-फाय चालू केलं की परत रडायला लागलं, तर पुढे वाचा.

तरीसुद्धा तो चोरच असेल असं नाही. आमच्याकडे रात्री नऊचं गणित असं निघालं की त्या वेळेला घरातले चार फोन चार्जिंगला लागतात, आणि चार्जिंगला लागलेला फोन वाय-फायवर असला की दिवसभराचे फोटो-व्हिडिओ वर चढवायला घेतो. आता तुम्ही म्हणाल अपलोडचा डाउनलोडशी काय संबंध. संबंध असा, की डाउनलोड होत असताना तुमचं मशीन समोरच्या सर्व्हरला सारखं कळवत असतं की हे मिळालं, पुढचं पाठव, आणि या पावत्या अपलोडच्याच रस्त्याने जातात. तो रस्ता व्हिडिओंनी तुंबला की पावत्या अडकतात आणि डाउनलोड पण मंदावतं. सासऱ्यांच्या फोनमध्ये तर ४ मिनिटांचे व्हिडिओ काढायची हौस, ते रोज वर चढत होते. बॅकअपची वेळ बदलली किंवा राउटरमध्ये अपलोडला मर्यादा घातली की यातलं बरंचसं जातं. दुसरं एक, लांबच्या कोपऱ्यातला फोन. वाय-फायची हवा सगळ्यांत वाटून घेतलेली असते, एका चॅनेलवर एका वेळी एकच बोलू शकतो, आणि ज्याला सिग्नल कमी तो सावकाश बोलतो, त्यामुळे तेवढाच डेटा पाठवायला तो कितीतरी जास्त वेळ खातो आणि बाकीचे ताटकळतात. म्हणजे जिन्याखाली बसून एखादा जण एक साधा व्हिडिओ बघत असला तरी सगळ्या घराला त्याचा त्रास.

आता यादीकडे. राउटरचं पेज उघडायला पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो, नसेल तर फोनमध्ये जोडलेल्या वाय-फायच्या डिटेल्समध्ये गेटवे किंवा राउटर म्हणून जो पत्ता दिसतो तो टाका. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप केलं की डिफॉल्ट गेटवे दिसतो, तोच. आत गेल्यावर दोन वेगळ्या याद्या असतात आणि इथेच मी पहिली फसले. एक असते डीएचसीपी क्लायंट लिस्ट, म्हणजे राउटरने कुणाकुणाला पत्ते वाटलेत त्याची, आणि तो पत्ता ठरावीक मुदतीसाठी दिलेला असतो, बऱ्याच राउटरवर २४ तास. माणूस सकाळीच निघून गेला असला तरी त्याचं नाव संध्याकाळी त्या यादीत असतंच. दुसरी असते वायरलेस क्लायंटची, म्हणजे आत्ता या क्षणाला कोण जोडलेलं आहे. मी कित्येक दिवस पहिली यादी बघून हे कोण आलंय आणि ते कोण आलंय करत बसले होते, त्यातले निम्मे आलेले नव्हतेच, गेलेले होते.

मग नावं. त्या नावांवर विश्वास ठेवू नका. आमच्याकडे ईएसपी आणि पुढे आकडे-अक्षरं अशा नावाचे तीन जण होते, मला वाटलं हा नक्की कुणीतरी हॅकर, तिन्ही ब्लॉक केले. रात्री बेडरूमचे दिवे अ‍ॅपवरून लागेनात. एस्प्रेसिफ म्हणून कंपनी आहे, तिची वाय-फायची चिप ढिगाने स्मार्ट बल्ब आणि स्मार्ट प्लगमध्ये असते, आणि बल्बच्या कंपनीने नाव बदलायचे कष्ट घेतले नाहीत तर राउटरला ते असंच दिसतं. तसंच लॅपटॉप कधी हॉन हाय नाहीतर अ‍ॅझुरवेव्ह असा दिसतो, कारण आतलं वाय-फायचं कार्ड त्या कंपनीचं असतं आणि राउटर तेवढंच ओळखतो. नाव अनोळखी दिसलं म्हणजे डिव्हाइस अनोळखी असं नाही.

याच्यावर मला सापडलेला सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे वजाबाकी. घरातल्या सगळ्यांना सांगायचं, आता मी सांगीन तसं एकेकाने वाय-फाय बंद करायचं. एक फोन बंद, यादी रिफ्रेश, कुठलं नाव गेलं ते वहीत लिहायचं. बल्ब असेल तर त्याचं बटण बंद करायचं. टीव्हीचा प्लग काढायचा, नुसता रिमोटने बंद केलेला टीव्ही बऱ्याचदा नेटवर बसलेला असतो. आमच्या वहीचं पान असं झालं होतं, पहिल्या ओळीत टीव्ही, मग बल्ब तीन, मग जाऊबाईंचा फोन, मग त्यांचाच फोन परत, पुढे प्रश्नचिन्ह. शेवटी जे उरतं ते परकं. तासभर जातो, पण नंतर त्या यादीत प्रत्येकाला ओळखू येईल असं नाव देऊन ठेवा म्हणजे परत करावं लागत नाही.

जाऊबाईंचा फोन दोनदा का आला? कारण आजकालचे फोन आपला खरा मॅक अ‍ॅड्रेस सांगतच नाहीत. मॅक अ‍ॅड्रेस म्हणजे प्रत्येक वाय-फाय कार्डाचा १२ अक्षर-आकड्यांचा क्रमांक, दोन-दोनच्या ६ जोड्या, आणि पूर्वी तो कायमचा असायचा, ब्लॉक लिस्ट सगळी त्याच्यावर चालते. पण अँड्रॉइड १० पासून म्हणजे २०१९ पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून म्हणजे २०२० पासून फोन आपणहून प्रत्येक नेटवर्कला एक बनवलेला क्रमांक देतो. हे तुमच्या भल्यासाठीच केलंय, बाहेर कुठे कुठे गेलात त्याचा माग कुणाला काढता येऊ नये म्हणून, पण घरच्या राउटरची त्यात पंचाईत होते. नेटवर्कचं नाव बदललं की क्रमांक बदलतो. आयफोनवर नव्या आयओएसमध्ये प्रायव्हेट अ‍ॅड्रेसला रोटेटिंग असा पर्याय आहे, तो ठेवलेला असेल तर साधारण दोन आठवड्यांनी क्रमांक आपोआप बदलतो. म्हणजे आमचे ते दर आठ-दहा दिवसांनी येणारे पाहुणे, त्यातला एक तर जाऊबाईच होत्या. मी त्यांना ब्लॉक करायचे, त्या म्हणायच्या माझ्याच फोनला नेट का येत नाही गं, मग दीर फोन बघायचे, काहीतरी चालू-बंद करायचे, आणि त्या नव्या क्रमांकाने परत यायच्या. आणि मी वर बसून म्हणतेय बघा परत आला तो.

बनवलेला क्रमांक ओळखायची युक्ती सोपी आहे, पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर बघा. ते २, ६, ए किंवा ई असेल तर तो क्रमांक बनवलेला आहे, कारखान्यातून आलेला नाही. म्हणजे ३ए:४एफ असं सुरू होत असेल तर बनवलेला, ३सी:४एफ असं असेल तर बहुधा खरा. आमच्या यादीत अनोळखी म्हणून दिसणाऱ्या ७ पैकी ५ असे निघाले आणि पाचही घरातलेच. घरच्या नेटवर्कपुरतं हे बंद करता येतं. आयफोनवर वाय-फायच्या नावापुढच्या गोलातल्या i वर दाबून प्रायव्हेट वाय-फाय अ‍ॅड्रेस ऑफ किंवा फिक्स्ड करा, अँड्रॉइडवर त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली रँडमाइज्ड मॅकच्या जागी डिव्हाइस मॅक निवडा. विंडोजमध्ये पण रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस नावाचं बटण आहे, ते सहसा बंदच असतं. हे फक्त घरच्या वाय-फायला करा, बाहेर चालू असू द्या.

आणि यातूनच ब्लॉक लिस्टचं वैयर्थ्य कळलं. ज्याला फोनमधलं हे एक बटण माहीत आहे त्याला ब्लॉक करून काही उपयोग नाही, त्याच्याकडे किमान दोन क्रमांक आहेत, एक खरा आणि एक बनवलेला. पुतण्याला रात्री दहानंतर नेट बंद असा नियम दिरांनी राउटरमधून लावला होता, तो मुलगा महिनाभर बिनधास्त बघत होता. विचारलं तर म्हणाला, काकू, ते बटण दाबलं की मी नवा होतो. चौदा वर्षांचा आहे.

उलटी पद्धत, म्हणजे फक्त यादीतल्यांनाच आत घ्यायचं आणि बाकी सगळ्यांना बंदी, ही त्यातल्या त्यात चालते. पण मग प्रत्येक पाहुण्यासाठी, प्रत्येक नव्या वस्तूसाठी राउटरमध्ये शिरा. शिवाय मॅक अ‍ॅड्रेस हवेत उघडाच जात असतो, ज्याला खरंच घुसायचंय तो तुमच्या फोनचा क्रमांक ऐकून स्वतःला लावून घेऊ शकतो. नेटवर्कचं नाव लपवण्याचा सल्ला बरेच जण देतात, तो मला कधीच पटला नाही, तुमचे स्वतःचेच फोन ते लपवलेलं नाव हाका मारत शोधत फिरतात.

आता मुख्य कोडं. पासवर्ड दोनदा बदलला, तरी परके कसे येत राहिले. याची आमच्याकडे एक नाही तीन कारणं होती, एकाखाली एक दडलेली.

पहिलं अगदी बावळटपणाचं. आमच्या राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन बँड, म्हणजे एकाच वाय-फायच्या दोन वेगळ्या लहरी, दोघांना नाव एकच, पण पासवर्डचे रकाने वेगवेगळ्या पानांवर. मी पहिल्यांदा बदलला तो फक्त ५ चा. २.४ वर जुनाच चालू. गंमत म्हणजे याच्या दोन खुणा समोर होत्या आणि मला दिसल्या नाहीत. पासवर्ड बदलल्यावर एकही बल्ब रुसला नाही, याचं मला कौतुकच वाटलं होतं, किती छान, परत जोडावे लागले नाहीत. अरे, बल्ब २.४ वरच चालतात, त्यांना कळलंच नाही काही बदललंय ते. आणि मागच्या खोलीत गेलं की माझा फोन पासवर्ड चुकीचा म्हणायचा, कारण तिथे ५ चा सिग्नल पोचत नाही आणि फोन २.४ ला नवीन पासवर्ड देत होता. तुमच्याकडे पासवर्ड बदलल्यावर कुणाचंच काही तुटलं नाही, तर तो बदललेला नाहीये असं समजा.

दुसऱ्या वेळी दोन्हीकडे बदलला. सगळं तुटलं, सगळं परत जोडलं, ११ वस्तू, दोन संध्याकाळी गेल्या. पुढच्या आठवड्यात पुतण्याचे तीन मित्र परत नेटवर. मी त्याला पासवर्ड सांगितलेला नव्हता, त्याच्या फोनमध्ये स्वतः टाइप करून दिला होता, तो बघतोय का बघत नाहीये याची काळजी घेऊन. याला काहीही अर्थ नाही हे तेव्हा कळलं. अँड्रॉइड १० पासून जोडलेल्या वाय-फायवर शेअर दाबलं की क्यूआर कोड येतो, आणि बऱ्याच फोनवर त्याच्या खालीच पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. नसला तरी त्या कोडात तो उघडाच असतो, कुठल्याही स्कॅनरने वाचता येतो. आयफोनवर आयओएस १६ पासून सेव्ह केलेला पासवर्ड सेटिंगमध्ये बघता येतो, आणि त्याआधीपासूनच शेजारी उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसाच्या फोनला तो एका टचमध्ये देता येतो. शिवाय बॅकअपमधून, त्याच अकाउंटवरून तो त्याच्या टॅबवर आणि लॅपटॉपवर आपणहून पोचतो. ज्याच्या फोनमध्ये पासवर्ड गेला तो आता पासवर्डचा मालक, एवढं धरून चाला. मुलाला ओरडून उपयोग नाही, मित्र घरी आले तर तो देणारच, आपण लहानपणी मित्रांना काय काय नेऊन द्यायचो.

तिसऱ्या कारणाने मात्र मला खरंच चक्रावलं. पासवर्ड परत बदलला, तो पुतण्याला दिलाच नाही, यादीत बघितलं तर सगळे ओळखीचे, एकही परका नाही, आणि तरी रात्री नेट मेलेलं. यादी स्वच्छ आणि नेट बेपत्ता. केबलवर बघितलं तर तिथेही स्लो. म्हटलं लाइनच खराब असणार, कंपनीला फोन केला, त्यांच्याकडून लाइन ठीक. मग एकदा खालून वर जिना चढत असताना फोनमध्ये उपलब्ध नेटवर्कची यादी उघडी होती, आणि जिन्याच्या वळणावर एक नाव एकदम सगळ्यात वर आलं, पूर्ण सिग्नल. कंपनीच्या नावासारखं काहीतरी आणि पुढे चार आकडे. दोन पायऱ्या खाली उतरले तर सिग्नल एक काडी कमी. परत वर, परत पूर्ण. मी तिथेच उभी राहिले. त्या वळणावर भिंतीत लाकडी कपाट आहे, आणि कपाटात कनेक्शन घेतलं तेव्हा कंपनीने बसवलेला डबा. आम्ही नंतर चांगला राउटर विकत आणून त्या डब्याला केबलने जोडला आणि डब्याला विसरून गेलो. त्या डब्याचं स्वतःचं वाय-फाय सगळा वेळ चालू होतं, खालच्या बाजूला चिकटवलेल्या स्टिकरवरच्या पासवर्डने.

म्हणजे दोन राउटर एकामागे एक. आमचा राउटर पुढचा, १९२.१६८.०.१ वर. डबा मागचा, १९२.१६८.१.१ वर. डब्याच्या वाय-फायवर जोडलेला माणूस माझ्या राउटरच्या यादीत दिसणारच नाही, तो माझ्या राउटरमधून जातच नाही. मी इकडे दाराला कुलपं बदलतेय आणि तिकडे मागचं दार सताड उघडं. डब्याचं पेज उघडलं, युजरनेम-पासवर्ड दोन्ही अ‍ॅडमिन, आत वायरलेसवर ६ जण. आणि केबलवर एक, तो एक म्हणजे आमचं अख्खं घर, कारण डब्याला आमचा राउटर एकच डिव्हाइस म्हणून दिसतो. स्टिकर बाहेर कसा गेला तर वायरिंग करायला आलेल्या माणसाला मीच फोटो पाठवला होता, त्याने म्हणे दिरांना फॉरवर्ड केला, दिरांनी पुतण्याला, आणि पुढचं तुम्हाला कळलंच.

हे तुमच्याकडे आहे का ते बघायला फोन हातात घेऊन घरभर फिरा, कुठलं अनोळखी नाव कुठे पूर्ण सिग्नल देतंय ते बघा. रिपीटर किंवा एक्स्टेंडर, म्हणजे वाय-फाय लांब पोचवणारा डबा, असेल तर तोही तपासा, काही एक्स्टेंडर स्वतःचं वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड ठेवतात, आणि काहींच्या मागे जोडलेले फोन मुख्य राउटरला एक्स्टेंडरच्याच क्रमांकाने दिसतात. डब्याचा उपाय दोनपैकी एक, त्याचं वाय-फाय बंद करून त्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला, नाहीतर कंपनीला सांगून तो ब्रिज मोडवर टाकून घ्या म्हणजे तो नुसता लाइन पुढे देणारा होतो. आणि एक लक्षात ठेवा, कंपनीचा माणूस दुरुस्तीला आला आणि त्याने मागच्या बारीक भोकात पिन घालून रिसेट मारला की सगळं परत स्टिकरवर येतं. आमच्याकडे एकदा आलंच तसं, म्हणून आता तो येऊन गेला की मी आधी जिन्यात जाऊन फोन बघते.

जाता जाता डब्ल्यूपीएसचं बटण. पासवर्ड न टाकता जोडायची ती सोय, राउटरवरचं बटण दाबलं की दोन मिनिटं जो येईल तो आत. घरात राउटर उघड्यावर असेल तर पासवर्ड लपवण्यात काय अर्थ. त्याचा पिनचा प्रकार तर याहून वाईट, पिन ८ आकडी असतो म्हणजे वरवर १० कोटी शक्यता, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो, आधी ४ आकडे आणि मग ३, शेवटचा आकडा नुसता ताळा जुळवायला, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत उघडतो. हे २०११ सालीच जगजाहीर झालंय. दोन्ही बंद करून टाका. रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे घराबाहेरून राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायची सोय, चालू असेल तर तेही बंद, आणि राउटरच्या पेजचा पासवर्ड वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा, नाहीतर वाय-फाय मिळालेला प्रत्येक जण सेटिंगमध्ये शिरू शकतो. आमचा पुतण्या शिरलाच होता.

आता मी काय केलंय ते. मला असं कळलं की आमचा खरा प्रॉब्लेम पासवर्ड फुटण्याचा नव्हता, तो फुटणारच, प्रॉब्लेम असा होता की तो बदलायचा म्हटलं की ११ वस्तू परत जोडाव्या लागायच्या आणि त्या कंटाळ्यापायी मी बदलायचेच नाही, त्याऐवजी ब्लॉक करत बसायचे. प्रत्येक बल्बला पाच वेळा चालू-बंद करा, तो मिचकावायला लागला की अ‍ॅप उघडा, अ‍ॅप म्हणणार फोन २.४ वर न्या. म्हणून जो पासवर्ड लोकांना द्यायचा त्याच्यावर एकही वस्तू नको, आणि ज्याच्यावर वस्तू आहेत तो कुणालाच द्यायचा नाही. बहुतेक राउटरला गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळ्या नावाचं आणि पासवर्डचं वाय-फाय असतं, तेच वापरलं. मुख्य नेटवर्कवर आम्ही मोठी माणसं, टीव्ही, प्रिंटर, बल्ब. गेस्टवर पाहुणे, मित्रमंडळी आणि पुतण्याचा फोन. हो, घरातलाच असून तो गेस्टवर. त्याचं दहाचं बंधन पण आता त्याच्या फोनवर नाही लावलेलं, दहा वाजता गेस्ट नेटवर्कच झोपतं, मग बटण दाबून कितीही नवा हो. राउटरमध्ये वेळापत्रक असतं त्यात फक्त गेस्टची वेळ घातली. कुणी मुक्कामाला असलं की त्या रात्रीपुरतं ते काढावं लागतं, एवढी एक कटकट.

करताना क्रम महत्त्वाचा आहे. जुन्या मुख्य नेटवर्कचा पासवर्ड ज्यांना माहीत आहे ते तसेच आत असणार, म्हणून तो शेवटचा एकदा बदला, दोन्ही बँडवर, आणि वस्तू परत जोडा, हा एक दिवस वाईट जातो. नाव पण बदललं तर बरं, नाहीतर जुने फोन जुन्या पासवर्डने दार ठोठावत बसतात आणि त्यांचे मालक तुम्हाला विचारत बसतात. सिक्युरिटी, म्हणजे वाय-फायच्या कुलपाचा प्रकार, डब्ल्यूपीए२ किंवा त्याच्यापुढचं ठेवा, डब्ल्यूपीए३ २०१८ मध्ये आलं पण जुन्या वस्तूंना ते जमत नाही, तेव्हा राउटरमध्ये दोन्हीचा मिश्र पर्याय असेल तर तो निवडा. डब्ल्यूईपी हा जुना, सहज फुटणारा प्रकार एवढाच दिसला तर राउटरच बदला. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो, मी मराठीतले एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द रोमन अक्षरांत घेते, खिडकी पाचर उंदीर गोंधळ अशासारखे, फोनवरून कुणाला सांगायला सोपं आणि शून्य की ओ असा वाद होत नाही. हा उदाहरणादाखल दिलाय, उगीच हाच लावू नका.

गेस्ट चालू करताना पाहुण्यांना लोकल नेटवर्क वापरू द्या अशा अर्थाची एक टिकमार्क असते, ती काढलेली आहे ना बघा, ती चालू असेल तर गेस्ट नुसता नावाचा गेस्ट. आणि राउटर जर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर चालवत असाल, म्हणजे पत्ते वाटायचं काम मागचा डबा करतोय, तर बऱ्याच राउटरवर गेस्ट वेगळा राहतच नाही. हे तपासायला गेस्टवर जोडलेल्या फोनवरून प्रिंटरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका, पान उघडलं तर दार उघडं आहे. मी आधी डब्याला तसाच ठेवून राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट करणार होते, हे कळल्यावर बेत बदलला आणि कंपनीकडून डबाच ब्रिजवर टाकून घेतला.

महिन्यातल्या पहिल्या रविवारी गेस्टचा पासवर्ड बदलते, नवा क्यूआर कोड काढून खाली फ्रिजवर लावते, एकूण चार-पाच मिनिटं. कुणाचा फोन तुटला तर त्याने फ्रिजपाशी जावं. ब्लॉक लिस्ट पूर्ण रिकामी केली, त्यात सासऱ्यांचा फोन तीन वेगवेगळ्या नावांनी सापडला. अजून एक अडतंय, गेस्टवरून प्रिंटर आणि टीव्ही दिसत नाहीत, दिसू नयेत हेच आपण केलंय, पण पुतण्याला शाळेचं काही प्रिंट काढायचं असलं की फाइल मला पाठवतो आणि खालून ओरडतो, काकू, दोन पानं, रंगीत.